ताम्रपट, आतश आणि देवचौक: डहाणू-तलासरीची देवस्थानं

डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तारापूरला लागून, चिंचणी हे समुद्रकाठचं गाव आहे. सुट्टीच्या दिवशी इथली वाळू माणसांनी फुलून जाते. १९५५ मध्ये या गावात काही ताम्रपट सापडले. पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले आणि उत्तर कोकणच्या इतिहासाला एक अनपेक्षित पान जोडलं गेलं. त्यांतला एक ताम्रपट शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य होतं. गादीवर इंद्र तिसरा होता आणि संजाण-मंडळाचा (संजाण आज गुजरातेत आहे) कारभार एका अरब मुसलमानाकडे होता. संस्कृत ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं. मोहम्मद नावाचं ते रूप. सुगतिप या नावानेही तो ओळखला जाई. आधीच्या कृष्ण राजाने त्याला या मुलखावर नेमलं होतं.

या सुगतिपाने काय केलं, ते ताम्रपट तपशिलात सांगतो. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी होड्यांची सोय केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं; तिथे तांदळाचा भात, कालवणं आणि तूप फुकट वाढलं जाई. पुढे एका ब्राह्मणाने संजाणात देवीची एक मठिका, म्हणजे लहान मठ, बांधली, तेव्हा सुगतिपाने इंद्रराजाच्या संमतीने तिला एक गाव आणि दुसऱ्या एका गावातली जमीन दान दिली. या उत्पन्नातून मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणांचं जेवण चालायचं होतं. राजा कानडी मुलखातला, त्याचा अधिकारी अरब, मठ देवीचा आणि जमीन कोकणातली, असा हा दानाचा व्यवहार तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलेला आहे.

ही मठिका पुढे शंभराहून अधिक वर्षं नांदती होती. त्याच चिंचणीत सापडलेला दुसरा एक ताम्रपट इ.स. १०३४चा आहे. तोवर राष्ट्रकूट संपले होते आणि शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज संजाणात होता. त्याने मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. त्या तेलाने देवीपुढचा दिवा तेवत राहायचा होता. आणि मठात अध्ययन करणाऱ्यांच्या, आल्यागेलेल्यांच्या पायांना लावायलाही तेच तेल वापरायचं होतं. मैलोन् मैल अनवाणी चालून आलेल्या माणसाच्या फुटलेल्या टाचांची काळजी इथे राजशासनात नोंदलेली आहे. याच ताम्रपटात नगराच्या प्रमुख मंडळींमध्ये अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावं येतात. अभ्यासक त्यांना पश्चिम आशियातून येऊन इथे स्थायिक झालेले व्यापारी मानतात. देवीच्या घाण्याचं दान नोंदवताना राजा आपल्या गावातल्या परधर्मीय शेठजींनाही त्याची दखल घ्यायला सांगतो, ही त्या काळच्या कारभाराची सहज रीत होती.

संजाणात मशीदही होती. बलाझुरी हा नवव्या शतकातला अरब इतिहासकार. फज्ल इब्न माहान नावाच्या सरदाराने सिंदान जिंकून तिथे जामा मशीद बांधली आणि खलिफा मामून याला एक हत्ती पाठवला, असं तो लिहितो. हे सिंदान म्हणजेच संजाण, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. बलाझुरी पुढे सांगतो ते जास्त महत्त्वाचं आहे: नंतर हिंदूंनी हे शहर परत घेतलं, पण मशिदीला हात लावला नाही. मुसलमान तिथे जमत आणि खलिफाच्या नावाने प्रार्थना करत राहिले. दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनीही सिंदानच्या जामा मशिदीची नोंद केली आहे. राष्ट्रकूट राजांना ते ‘बल्हरा’ म्हणत आणि त्यांच्या राज्यात मुसलमानांना मिळणाऱ्या मानाबद्दल आवर्जून लिहीत.

बाल्कन प्रदेशात फिरणाऱ्याला असा इतिहास दगडात पाहायला मिळतो. कोसोव्होतल्या प्रिझरेन गावात सर्बियन राजा मिलुतिनने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेलं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. ऑटोमन काळात त्याची मशीद झाली आणि विसाव्या शतकात ते पुन्हा चर्च झालं. थोड्याच अंतरावर १६१५ची सिनान पाशा मशीद उभी आहे. डहाणू-तलासरी आणि संजाणच्या पट्ट्यात मात्र त्या मठिकेची भिंत उरलेली नाही आणि त्या जामा मशिदीचा मिनारही नाही. इथली जुनी देवस्थानं तांब्यावर, अग्नीत, कातळात आणि तांदळाच्या पिठात शोधावी लागतात. या वाटेने जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथे प्रत्येक नव्या देवाला आधी कोणीतरी जागा दिली आहे, आणि देणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच देवाचा भक्त होता.

चिंचणीहून उत्तरेला डहाणू. या नावाचा उल्लेख फारच जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. साधारण दुसऱ्या शतकातल्या त्या लेखात त्याने कोणकोणत्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्यांची यादी आहे: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका. ही दाहानुका म्हणजे डहाणूची खाडी. शक घराण्याचा हा जावई बौद्ध भिक्षूंना लेणं देतो, ब्राह्मणांना गाई आणि गावं देतो आणि नदीवर होड्या ठेवतो. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी सुगतिपाने याच किनाऱ्यावर तेच केलं. खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात माणसाला पैलतीरी पोचवणं हे देवळाला दान देण्याइतकंच पुण्याचं काम होतं.

डहाणूच्या खाडीकाठी पोर्तुगीज काळातला किल्ला आहे. सोळाव्या शतकापासून हा किनारा पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये संपलेल्या त्या लढायांत, डहाणू, तारापूर, केळवे अशी ठाणी मराठ्यांनी घेतली. किल्ल्याचे दगडी तट आजही भक्कम आहेत.

घोलवड-बोर्डीकडे वळलं की चिकूच्या वाड्या लागतात आणि पूर्वेला बारडाचा डोंगर दिसू लागतो. अस्वाली धरणाच्या बाजूने वर जाणारी वाट झाडीतून चढते आणि बहरोटच्या लेण्यांपाशी पोचते. कातळात खोदलेल्या या खोल्यांत मूर्ती नाही, खांबांवर नक्षी नाही. पावसापाण्याने भिंती झिजल्या आहेत, काही ठिकाणी छत ढासळलं आहे. तरी पारशी समाजासाठी भारतातली ही एकमेव लेणी पवित्र आहेत, कारण त्यांचा सर्वांत मोठा अग्नी, इराणशाह, इथे लपवून जिवंत ठेवला होता.

ही हकिकत ‘किस्से-इ-संजाण’ या फारसी काव्यात येते. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने ते १५९९ मध्ये रचलं. त्यानुसार इराणातून निघालेले जरथुश्ती आधी दीवला आले, तिथून संजाणला उतरले आणि जादी राणा या हिंदू राजाकडे त्यांनी आसरा मागितला. राजाने धर्म समजावून सांगायला लावला, शस्त्रं खाली ठेवायला, इथली भाषा बोलायला आणि त्यांच्या स्त्रियांनी इथला वेश घ्यायला सांगितलं. पुढे अग्निमंदिरासाठी जमीन मागितली, तीही त्याने दिली. तिथे इराणशाहची स्थापना झाली. काही शतकांनी सुलतानाची फौज संजाणवर चालून आली, तेव्हा पारशी हिंदू राजाच्या बाजूने लढले आणि हरले. ही लढाई चौदाव्या शतकाअखेरची की पंधराव्या शतकातली, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यानंतरच्या वाटेबद्दल मात्र परंपरा ठाम आहे: धर्मगुरूंनी आतश, म्हणजे तो पवित्र अग्नी, उचलला आणि बारडाच्या डोंगरावर नेला. तिथे तो बारा वर्षं राहिला.

पावसाळ्यात या डोंगरावर ढग उतरतात आणि कातळातून पाणी झिरपतं. चार महिने सगळं ओलं असताना सुकं लाकूड साठवायचं, दिवसरात्र पाळीने जागायचं, धूर खालच्या गावांतून दिसणार नाही याची चिंता करायची आणि आगीला एक क्षणही विझू द्यायचं नाही, हे बारा पावसाळे चाललं. त्या माणसांना शिधा, लाकूड आणि वाटा डोंगराखालच्या वस्त्यांच्या आधाराशिवाय मिळाल्या असतील असं वाटत नाही. लेण्यांच्या तोंडाशी उभं राहिलं की पश्चिमेला समुद्र दिसतो. त्याच समुद्राने त्यांना इथे आणलं होतं.

बहरोटहून आतश वांसद्याच्या जंगलात गेला, मग नवसारीला, पुढे सुरतला आणि वलसाडला. १७४२ मध्ये तो उदवाड्याला आला आणि आजतागायत तिथे तेवतो आहे. उदवाड्याची सध्याची आतशबेहराम ही वास्तू लेडी मोतलीबाई वाडिया यांच्या देणगीतून १८९४ मध्ये उभी राहिली. संजाणला १९२०चा कीर्तिस्तंभ आहे. पारशांच्या आगमनाची आठवण म्हणून तो उभारला. या शतकाच्या सुरुवातीला संजाणात उत्खनन झालं. त्यात पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी आणि जुन्या दोखम्याचे, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याचे, अवशेष मिळाले. किश्श्यातल्या वस्तीला त्यामुळे जमिनीतला पुरावा मिळाला.

पारशी आले त्यानंतर कित्येक शतकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून जरथुश्ती कुटुंबांची आणखी एक लाट या किनाऱ्यावर आली. इथे त्यांना इराणी म्हणतात. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांत त्यांनी चिकू रुजवला, वाढवला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू गावात जरथुश्तींची अग्यारी, म्हणजे अग्निमंदिर, आहे. तिच्या गाभाऱ्यात जरथुश्ती नसलेल्यांना जाता येत नाही. बाहेरून नमस्कार करून पुढे जाणं हाच तिथला शिष्टाचार.

आता किनारा सोडून पूर्वेला, वारली पाड्यांकडे. इथली देवस्थानं भिंतींशिवाय उभी असतात. गावाच्या वेशीवर, झाडाखाली लाकडाची उभी फळी रोवलेली असते. तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. हा वाघदेव. आश्विनातल्या वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडा-नारळ दिला जातो आणि गुरांना, माणसांना सांभाळ असं मागणं होतं. हिरवा, हिमाय, पाऊस देणारा नारनदेव, धान्याची कणसरी, असे वारल्यांचे देव रानात, शेतात आणि कणगीत राहतात.

वारल्यांचं सर्वांत देखणं देवस्थान तर काही दिवसांपुरतंच असतं. लग्नघरात आतल्या भिंतीवर गेरू-शेणाचा हात फिरवतात. सवाशिणी तांदूळ भिजवून वाटतात, बांबूची काडी ठेचून तिची लेखणी करतात आणि देवचौक काढतात. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे आणि मधे पालघाट ही सृजनाची देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. भोवती झाडं, माणसं, नाचणारे, गुरं, बासिंगं. धवलेरी ही वारल्यांची स्त्री पुरोहित गाणी म्हणत लग्न लावते. पालघाट भिंतीवर आल्याशिवाय लग्न होत नाही. नंतर चित्र हळूहळू पुसट होतं, पुढच्या लग्नाला नवं काढलं जातं.

हा चौक पुरुषाच्या हाताने कागदावर आणून जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा मशे याच भागातले. १९३४ मध्ये तलासरी तालुक्यातल्या धामणगावात त्यांचा जन्म झाला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांनी आयुष्य काढलं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले. त्यांनी मशांची चित्रं बाहेर नेली. १९७६ मध्ये मशांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. गंजाडला आज कितीतरी घरांत चित्रकार आहेत.

लग्नाचा चौक रंगवणाऱ्या या समाजाला लग्नच गुलामीत ढकलत होतं, हेही इथे येणाऱ्याने समजून घ्यायला हवं. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला बांधली जात. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. जमीनदारांत हिंदू, पारशी, इराणी, मुसलमान, सगळ्या धर्मांची माणसं होती. ज्यांच्या जंगलात बाकीच्यांच्या देवांना जागा मिळाली, त्या वारल्यांना स्वतःच्या जमिनीवर मात्र जागा उरली नव्हती. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारायचं ठरवलं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्यात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. दर वर्षी त्या तारखेला तलासरी भागात हुतात्म्यांना लाल सलाम होतो. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वाचून इथे यावं. मग वाघदेवापुढचं मागणं वेगळं ऐकू येतं.

तलासरीत येशूसंघीयांचं ‘ज्ञानमाता सदन’ आहे. या धर्मप्रसारकांचं काम चर्चइतकंच शाळा आणि वसतिगृहांतून दिसतं; आदिवासी मुलांच्या पिढ्या तिथे शिकल्या. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून हा भाग त्यात आहे.

चारोटी नाक्याच्या पुढे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून विवळवेढे गावात महालक्ष्मीचं देऊळ आहे. देवीचं मूळ स्थान वरच्या गडावर आहे. एक गरोदर भक्त डोंगर चढताना थकली, तेव्हा देवीनेच तिला सांगितलं, आता तू वर येऊ नकोस, मी खाली येते. म्हणून पायथ्याशी देऊळ झालं, अशी कथा सांगतात. चैत्री पौर्णिमेला यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावचा पुजारी अंधारात मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर चढून ध्वज लावतो. तिथे साधं उभं राहायलाही जीव मुठीत धरावा लागतो. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो. पुजारी आदिवासी, ध्वज राजाचा आणि दर्शनाला वारली, कोकणा, मल्हार कोळी, कोळी, वाडवळ, गुजराती अशी सगळी माणसं. दुकानांत सुक्या मासळीपासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं; पावसाळ्याची बेगमी अनेक घरं या यात्रेतच करतात.

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. संजाण तिकडे राहिलं. चिंचणी, बहरोट, झरी इकडे. त्यामुळे एकाच इतिहासाची पानं दोन राज्यांच्या दोन भाषांतल्या पाठ्यपुस्तकांत विभागली गेली. डहाणू-तलासरीच्या शाळांमधल्या मुलांना सुगतिपाचा ताम्रपट आणि बहरोटचा आतश आपल्याच भागातला म्हणून शिकवला गेला पाहिजे. चिंचणीच्या किनाऱ्यावर त्या दानपत्राचा मजकूर मराठीत लिहिलेला एक ठळक फलक हवा आणि झिजणाऱ्या बहरोट लेण्यांना वेळेवर जपणूक हवी.

ही वाट दोन-तीन दिवसांत आरामात होते. पश्चिम रेल्वेच्या लोकल डहाणू रोडपर्यंत जातात. चिंचणीसाठी बोईसर किंवा वाणगाव, बहरोटसाठी घोलवड, कीर्तिस्तंभासाठी संजाण ही स्टेशनं सोयीची. बहरोटची चढण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी, अस्वालीतला माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा आणि पाणी बरोबर न्यावं. लेण्यांत चूल किंवा शेकोटी पेटवू नये. पारशी भाविक आजही तिथे जशन हा प्रार्थनाविधी करायला येतात. वाघदेवाचा फोटो काढण्याआधी पाड्यावर विचारावं. वारली चित्र घ्यायचं असेल तर गंजाडला जाऊन थेट चित्रकाराकडून घ्यावं आणि त्याने सांगितलेली किंमत द्यावी. महालक्ष्मीच्या यात्रेच्या काळात महामार्गावर फार गर्दी असते, त्यामुळे डहाणू स्टेशनवरून एसटी धरणं सोपं जातं.